हत्यारांची भिंत

पनवेलच्या बाजारामागे काशिराम सुतार बैलगाडीची चाकं करी. एक लांब पडवी, तीत काशिराम आणि त्याचा मुलगा महादेव, आणि चहूकडे बाभळीची लाकडं. काशिरामाच्या हातचं चाक दहा-दहा वर्षं ढिलं पडत नसे. पण ते वेळेवर मिळालं असं सांगणारा माणूस तालुक्यात नव्हता. 'काशिरामाचा सोमवार' म्हणजे कधी न उजाडणारा दिवस, अशी लोक थट्टा करीत.

बरं, माणूस आळशी म्हणावा तर तसंही नाही. पहाटे उठे, दिवेलागणीपर्यंत खपे. तरी काम का सरत नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. विचुंब्याचा बळीराम चार हेलपाटे घालून रिकामा परतला, तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, तुज्यासारखं चाक कोन करत नाय. पन भात काय खल्यातच ठेवू? यावेळी दुसरीकडं जातो." तो भांडला असता तर बरं, असं काशिरामाला वाटलं. त्या दिवशी त्याने अर्धी भाकरी ताटातच ठेवली.

महादेवाचं लग्न होऊन पाच महिने झाले होते. सून मैना ही उरणच्या दादू सुताराची मुलगी. दादू होड्या बांधी. मैना पडवीला लागूनच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसे, तिथून तिला सारं दिसे. एके दिवशी सासरा हत्यार शोधायला उठला की ती एक दाणा सुपाच्या कडेला सारू लागली. संध्याकाळी तिने ते दाणे सासूला, जनीला दाखवले.

"आत्या, मामंजी आज त्रेचालीस वेला उठले. पटाशी भुश्यात, गिरमिट फळीखाली, रंधा तर अंगनात सापडला."

जनीने ते जेवताना नवऱ्याच्या कानावर घातलं. "आता घरातल्या बायका मला सुतारकी शिकवणार!" म्हणून काशिराम उखडला. पण त्रेचाळीस हा आकडा काही त्याच्या डोक्यातून जाईना.

दोन दिवसांनी तो लाकूड बघायला वखारीत गेला. परत येऊन बघतो तर पडवीची भिंत बदललेली. ओळीने खिळे, एकेका खिळ्याला एकेक हत्यार, आणि प्रत्येकाच्या भोवती भिंतीवर कोळशाने काढलेला त्याचाच आकार. हत्यार काढलं तरी जागा कुणाची ते कळावं.

"माझ्या हत्यारांना हात कोणी लावला?" काशिराम गरजला.

महादेवाने दाराकडे पाहिलं. दाराआडून मैनाचा आवाज आला. तो कापत होता, पण थांबला नाही.

"मी लावला, मामंजी. आमच्या बाबांना ओहोटीतच काम करायला लागतं. पटाशी हुडकीत बसलं तर पानी होडीला टेकतं. म्हनून ते आदी सगली हत्यारं मांडून घेतात. आठ दिवस बघा. नाय जमलं तर मीच सगली परत भुश्यात टाकीन."

शेवटच्या वाक्याला महादेवाला हसू फुटलं. काशिरामाने तोंड फिरवलं, कारण हसू त्यालाही आलं होतं.

पहिले काही दिवस हात जुन्या खोडीने हत्यार खाली टाकी, आणि महादेव ते मुकाट्याने उचलून लावी. मग हाताला सवय झाली. न बघता हात वर जाई आणि हवं ते मिळे. मग काशिरामाला आणखी सुचत गेलं. एकेक आरा तासून बसवण्याऐवजी तो चाकाचे सगळे आरे एका बैठकीत तासू लागला. नऊ दिवसांचं चाक पाच दिवसांत उभं राहिलं. एके दुपारी तर ऊन अंगणात असतानाच काम संपलं. तो गोंधळून महादेवाला म्हणाला, "आता काय करायचं?"

"बसा की, बाबा," महादेव म्हणाला.

पुढे बळीराम पुन्हा एका चाकासाठी आला. सोमवारचा वायदा झाला. तो शहाणपणाने मंगळवारी आला, तर चाक रविवारपासून तयार! त्याने चाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ह्ये कसं काय जमलं, दादा?"

"माझ्या सुनेची अक्कल," काशिराम म्हणाला, आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

त्या आठवड्यात, किती वर्षांनी कोण जाणे, त्याने एक दिवस सुट्टी घेतली आणि एसटीने उरण गाठलं. व्याही असा अचानक दारात बघून दादू हातातलं काम टाकून पुढे आला.

"मैना बरी हाय ना?"

"बरी आहे. मी तुमचे आभार मानायला आलोय." काशिरामाने सगळी हकीकत सांगितली.

दादू ओशाळला. "मी काय शिकवलं नाय हो तिला. पोर आपली बगत बसायची."

"आमच्याकडेही बघतच बसली होती," काशिराम म्हणाला. "मीच इतकी वर्षं बघितलं नव्हतं."

खाडीच्या काठी एक होडी उपडी पडली होती. काशिरामाने सदरा काढून ठेवला आणि पाणी चढेपर्यंत व्याह्याबरोबर तिच्या फळ्या तासल्या. घरी आल्यावर मैनाने पाण्याचा तांब्या पुढे केला. काशिराम तिथेच ओट्यावर टेकला. "पोरी, बस," म्हणाला, आणि तिच्या माहेरची खबर, होडी, बाबांनी खाऊ घातलेलं कालवण, सगळं सगळं तिला सांगत राहिला.