एका खणातले फोटो

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी त्या घरात कॅमेरा आला, आणि धाकटीची नोकरी पक्की झाली त्या वर्षी त्या घरातली आई बोलायची थांबली. मधल्या चौदा वर्षांत आईने चार हजार दोनशे सतरा फोटो काढले. हा आकडा तिच्या नवऱ्याला तोंडपाठ होता. फोटोंत काय होतं, ते मात्र त्याला विचारू नये.

नवरा यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. निवृत्त झाला तरी शेजारीपाजारी त्याला स्टोअरकीपरच म्हणत. माणूस भला, पण टापटिपीचा किडा डोक्यात कायमचा शिरलेला. घरात सुई कुठे आहे विचारलं तर डोळे मिटून सांगे, कपाट दुसरं, खण तिसरा, डावीकडचा डबा. बायको शिवणकाम करायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालायचा. ती म्हणायची, "ह्यांच्या हातात असतं तर मलाही चिठ्ठी चिकटवून खणात ठेवलं असतं." तो म्हणायचा, "खण पुरला नसता." असं त्यांचं चाललेलं असे.

फोटो काढणं हा तिचा एकटीचा नाद. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही, खिडकीतलं मांजर, जिन्यात दमून बसलेला दूधवाला, दिसेल ते ती टिपायची. कोपऱ्यात स्वतःचा अंगठा आला तरी तिला त्याचं काही नसे. हे सगळं धाकटीने नीट लावून दिलं होतं. ती दवाखान्यात संगणकावर रुग्णांच्या नोंदी करायची, त्यामुळे तिला ह्यातलं कळत होतं. एक प्रत घरच्या संगणकात, एक काळ्या डिस्कवर कपाटात आणि एक पांढऱ्या डिस्कवर मामांच्या घरी. "आग लागली, चोरी झाली, काहीही झालं, तरी एक घराबाहेर राहिली पाहिजे," असं तिने बजावलं होतं. बाबांनी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि पटणं ह्यांत किती अंतर असतं, ते पुढे कळलं.

आईला पक्षाघाताचा झटका आला तो एका सकाळी, काजं करता करता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि बोलणं तर गेलंच. सगळं समजायचं, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द ओठांपर्यंत येईना. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. त्यांनी पुस्तकातली चित्रं दाखवली. सफरचंद, छत्री, कुत्रा. आईने तोंड फिरवलं. मग एकदा धाकटीने सहज संगणकावर आईचे फोटो लावले, आणि खिडकीतलं मांजर दिसल्याबरोबर आई म्हणाली, "मेलं."

बाई खुर्चीतून उठल्याच. "हेच! दुसरं काही नको. ह्यांनी स्वतः काढलेले फोटो दाखवा. रोज, ठरल्या वेळी. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात."

स्टोअरकीपरला काम मिळालं. रोज दहा वाजता तो बायकोला खुर्चीत बसवी, फोटो लावी, आणि जो शब्द येईल तो वहीत टिपून ठेवी. फोटोचा नंबर, शब्द, तारीख. तीन महिन्यांत सत्तावीस शब्द झाले. त्यांतला सगळ्यात मोठा शब्द दोन हजार तीनशे अठरा नंबरच्या फोटोवर येत असे. त्या फोटोत थोरली होती. नव्या घरात सामान लावताना उलट्या बादलीवर बसलेली, केस आईच्याच मापाच्या फितीने बांधलेले. तो फोटो आला की आई हसायची आणि म्हणायची, "चिमी." थोरलीचं घरातलं नाव. फोटो नसला की नाव येत नसे. कितीदा विचारलं तरी नाही.

थोरली दूरदेशी होती, तीन वर्षांत आलेली नव्हती. तिने उन्हाळ्यात येणार असं कळवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "तोवर फोटोशिवायही नाव येईल. रोज तो एक फोटो नक्की दाखवत चला." घरात सगळ्यांनी तेवढ्या एका शब्दावर जीव लावला. लेक दारात येईल आणि आई तिला हाक मारेल, एवढंच हवं होतं.

आणि इथेच स्टोअरकीपरमधला स्टोअरकीपर जागा झाला. रोज फोटो शोधताना त्याच्या लक्षात आलं की तेच फोटो संगणकातही आहेत आणि काळ्या डिस्कवरही. काही ठिकाणी नंबर वेगळे पडलेले. वहीतला नंबर एकीकडे जुळे, दुसरीकडे जुळेना. गोदामात त्याचा एकच कायदा होता, एक वस्तू, एक खण. एकच बेअरिंग दोन खणांत सापडलं की साठ्याची तपासणी करणारे दोन्ही खणांवर लाल फुली मारत. एकतीस वर्षांत त्याच्या खणांवर एकदाही लाल फुली पडली नव्हती.

मग त्याने आठवडाभर बसून सगळं लावून काढलं. काळ्या डिस्कवर ओळीने नंबर दिले, फोटो मोजले, चार हजार दोनशे सतरा, आणि संगणकातले पुसून टाकले. संगणक वेगाने चालू लागला. तो खूश झाला. मग मामांकडे गेला. पांढऱ्या डिस्कवर तेच फोटो, जुन्या गोंधळाच्या नंबरांचे. तेही पुसले.

"दाजी, धाकटीला विचारलंत का?" मेहुण्याने विचारलं.

"तिला कशाला त्रास? आमच्याकडे व्यवस्थित लावलंय सगळं. ही मोकळी झाली, तुला हवी तर ठेव."

मेहुण्याने त्याच संध्याकाळी तिच्यावर आपली जुनी गाणी भरली. गाण्यांचा त्याला भारी शौक. डिस्क काठोकाठ भरली.

धाकटीला हे सांगायचं राहिलं असं तो नंतर म्हणायचा. खरं म्हणजे त्याने सांगायचं टाळलं होतं. ती वाद घालेल हे त्याला माहीत होतं.

दोन आठवडे झकास गेले. एके दिवशी फोटो दाखवून झाल्यावर त्याने वायर काढली, गुंडाळली, आणि काळी डिस्क कपाटात ठेवायला निघाला. वापरलेली वस्तू जागेवर, हाही त्याचा कायदाच. तिची जागा वरच्या खणात. धाकटी नेहमी म्हणायची, राहू द्या ना टेबलावर. त्याने टाचा उंचावल्या, हात वर नेला, आणि डिस्क बोटांतून निसटली. आवाजही फारसा झाला नाही. वाटी पडते तेवढा. उचलून पुन्हा जोडली तर आतून टक्, टक्, टक्. पडद्यावर काही नाही.

दुरुस्तीवाल्याचं दुकान दोन रस्ते सोडून होतं. त्याने डिस्क कानाला लावली आणि लगेच बंद केली. तरी म्हणाला, ठेवून जा, बघतो. चौथ्या दिवशी बोलावलं.

"काका, आतली तबकडी खरवडली गेलीय. मोठ्या ठिकाणीसुद्धा पाठवून विचारलं. काही निघणार नाही. दुसरी प्रत असेलच की?"

"होती."

"होती म्हणजे?"

"दोन होत्या. नीट लावताना काढून टाकल्या."

दुरुस्तीवाला त्याच्याकडे बघत राहिला. "माझ्याकडे रोज लोक येतात काका. सगळ्यांचं आळसाने जातं. टापटिपीने गेलेलं हे पहिलंच."

धाकटी संध्याकाळी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. डिस्क पडल्याचं ऐकून ती आधी घाबरलीच नाही. "अहो बाबा, एवढं तोंड पाडायला काय झालं? मामाकडची आणू."

"मामाकडे नाहीये."

"असं कसं? मीच ठेवलीय."

"त्याची गाणी आहेत त्यात."

"आणि संगणकातले?"

तो नळाकडे बघत राहिला. धाकटी हळूहळू खाली बसली. आवाज मात्र तिने चढवला नाही. "बाबा, बोल्ट दोन खणांत सापडला तर चूक. कबूल. पण बोल्ट संपला तर नवा मागवता येतो हो."

बायकोला सांगणं सगळ्यात अवघड होतं. दुसऱ्या दिवशी दहाला ती खुर्चीत येऊन बसली, पडद्याकडे बघत. तो समोर स्टुलावर बसला. "फोटो गेले," तो म्हणाला. "सगळे. माझ्या हातून गेले." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. चांगल्या हाताने त्याचा हात ओढून घेतला, उलटा केला, तळवा पाहिला, बोटं एकेक दाबून पाहिली. हाताला काही लागलंय का, ते बघत होती. तिने शिव्यांची लाखोली वाहिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग शोधाशोध सुरू झाली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. संगणकातून पुसलेलं परत निघतं का, तेही दुरुस्तीवाल्याने पाहिलं, काही निघालं नाही. ज्याच्या त्याच्या फोनवरून आईने कधीकाळी पाठवलेले फोटो मागवले. एकूण अकरा मिळाले, तेही पुसट, बोटाएवढे. थोरलीला फोन करून लग्नाचे फोटो मागितले, "आईला दाखवायला" एवढंच सांगून. तिने तत्परतेने पाठवले. ते फोटो लग्नातल्या पगारी फोटोग्राफरने काढलेले. सगळे रांगेत उभे, चेहऱ्यावर इतकी पावडर की नवऱ्यालाही बायको ओळखू येऊ नये. आईने ते परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखे पाहिले. तिच्या अंगठ्याचा कोपरा त्यांत कुठेच नव्हता.

शेवटी स्टोअरकीपरने वेगळाच उद्योग केला. दहाला बंद पडद्यासमोर बसायचं आणि फोटो तोंडी सांगायचा.

"दोन हजार तीनशे अठरा. चिमी बादलीवर बसलीय. अंगात निळा ड्रेस."

"नाही," आई म्हणाली.

"मग हिरवा?"

"नाही!"

"मागे खिडकी होती ना?"

"नाही, नाही!"

धाकटी दारातून म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणायला तिला शिकवायची गरजच नव्हती." तिघंही हसले. पण हसून झाल्यावर त्याला एकदम कळलं की आपण तीन महिने तो फोटो रोज लावला आणि एकदाही पाहिला नाही. खाली कोपऱ्यातला नंबर पाहिला, वही पाहिली. ड्रेसचा रंग त्याला कधीच आठवणार नव्हता, आणि जिला ठाऊक होता तिला सांगता येत नव्हतं. वहीतले सत्तावीस शब्द एकेक करून गळत गेले. "मेलं" गेलं. उन्हाळ्यापर्यंत "नाही" तेवढं टिकलं, कारण त्याचाच रोज सराव होत होता.

थोरली आली ती दुपारी. बॅगा दारातच टाकून आईच्या पायाशी बसली. "आई, मी कोण? सांग ना. हाक मार मला."

आईचे ओठ हलले. डोळे भरून आले, चांगला हात लेकीच्या गालावर गेला. "ना... नाही," ती म्हणाली. पुन्हा जोर लावला. "नाही. नाही!" स्वतःवरच चिडून तिने मांडीवर मूठ आपटली.

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडू लागली. "तिने मला ओळखलंच नाही गं."

"ओळखलं," धाकटी म्हणाली. "तिला नाव सापडत नाहीये." आणि ती बाबांकडे बघायला लागली.

तेव्हा त्याने थोरलीला सगळं सांगितलं. बेअरिंग, लाल फुली, मामांची गाणी, वरचा खण, काही न गाळता. ती रागावेल म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. थोरली डोळे पुसत म्हणाली, "तो बादलीवरचा फोटो आईने मला त्याच दिवशी पाठवला होता. मी पुसला. फोन भरला की मी आधी आईचेच फोटो पुसायचे, बाबा. म्हटलं, तिच्याकडे आहेतच की."



थोरली तीन आठवडे राहिली. रोज आईचे केस विंचरले, तिला जेवू घातलं, शेजारी झोपली. जाताना दारात पुन्हा विचारलं नाही. आई तिच्याकडे बघत ओठ हलवत राहिली, गाडी वळेपर्यंत. "चिमी" हा शब्द तिला शेवटपर्यंत आला नाही.

थोरली परत गेल्यावर सतराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी सव्वासातला, दुसऱ्या झटक्याने स्टोअरकीपरची बायको वारली. तिला चौसष्टावं वर्ष चालू होतं.