दुखण्यापुरती खोली

कुमुदिनीचं डोकं दुखायला लागलं की घराला एक खोली वाढायची. दुखणं हलकं असेल तर एका खाटेपुरती, ठणका जोरात असेल तर चांगली लांबलचक. दुखणं उतरलं की खोली बंद, आणि भिंत जशीच्या तशी. एकदा ती आत कैरीच्या लोणच्याची बरणी विसरली. पुढल्या गुरुवारी पुन्हा डोकं दुखलं तेव्हा बरणी जागच्या जागी होती आणि लोणचं छान मुरलेलं होतं.

तिचे यजमान जयवंतराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना या खोलीचं भारी कौतुक. आत अंधार, गारवा, कसला म्हणून आवाज नाही. दुखऱ्या डोक्याला हवं ते सगळं तिथे होतं, आणि दुखत मात्र बायकोचं होतं. जेवण झालं की ते खुशाल विचारायचे, "आज दुखतंय का गं?" ती नाही म्हणाली की त्यांचा चेहरा पडायचा.

"लाज वाटू द्या जराशी," ती म्हणायची. पण उशी तीच आणून द्यायची. ठणका ओसरायला लागला की शिलाई मशीनवरूनच हाक मारायची, आणि ते डोळे चोळत बाहेर यायचे.

शेवटी ती डॉक्टर गुजरांकडे गेली. खोलीचं ऐकून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "हवा खेळती आहे ना?" मग त्यांनी तिला एक वही लिहायला सांगितली. डोकं कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, झोप किती झाली, पाणी किती प्यायलात, सगळं लिहा म्हणाले. "आणि उठसूट गोळ्या घेऊ नका, कुमुदिनीताई. रोजच्या गोळ्यांनीही डोकं दुखतं. कधी नव्हे असं एकदम भयंकर दुखलं, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा."

वही लिहिता लिहिता तिला गंमतच वाटायला लागली. संकष्टीला चहासुद्धा घेतला नाही, तर खोली स्वयंपाकघराच्या भिंतीतून उघडायची. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने हातशिलाई केली तर खिडकीशेजारून. पाणी प्यायचं राहिलं की देव्हाऱ्याच्या बाजूने. आणि दर बाजूची खोली वेगळी. गावभरच्या बायकांची मापं घेण्यात तिची वीस वर्षं गेली होती. स्वतःचं माप तिला आत्ता कुठे मिळत होतं. ती वेळेवर जेवायला लागली, चष्मा बदलून आणला, मधूनमधून मान वर करून पेरूच्या झाडाकडे बघायला लागली. खोली उघडेनाशी झाली. जयवंतराव जमिनीवर सतरंजी टाकून कुरकुरत झोपू लागले.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तिचं डोकं जरासं जड झालं. देव्हाऱ्याची बाजू उघडली आणि जयवंतराव उशी घेऊन घाईघाईने आत गेले. कुमुदिनी बाही जोडत होती. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, तशी तिने तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. थोड्याच वेळात डोकं लख्ख झालं. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेव्हा समोर भिंत होती.

ती फार घाबरली. संध्याकाळपर्यंत काळा दोरा ओवून डोळे ताणले, कसंबसं दुखणं आणलं. पण उघडली ती खिडकीशेजारची खोली, आणि ती रिकामी. लोणचं आत राहून मुरतं. माणसाचं काय होतं, ते वहीत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. तीनच्या सुमारास कपाळ ठणकू लागलं, आणि देव्हाऱ्याशेजारी खोली उघडली. एवढी लांब तिने कधीच पाहिली नव्हती.

"अहो!"

"अगं, किती वाढवलीस ही!" आवाज फार लांबून आला. "खाट पार टोकाला गेलीय. काही दिसत नाही बघ. तू बोलत राहा, आवाजाच्या रोखाने येतो."

या वेळी तिला आत जाता येईना. ती पुढे सरकली की चौकट तेवढीच मागे जायची. मग ती उंबऱ्याशी उभी राहून बोलत राहिली. बाही जोडून झाली, आमटीला मीठ कमी पडलं, पेरूला फुलं आली, सुचेल ते. पावलं वाजत होती, पण जवळ येत नव्हती. ठणका चढत होता, आणि ते चालत होते तेवढी खोली लांबत होती.

देव्हाऱ्याजवळचा तांब्या उचलून तिने पाण्याचा एक घोट घेतला. खोली आखडली. लांबवर त्यांचा पांढरा बनियन दिसला. चौकटही दोन्ही बाजूंनी आत आली. गळ्यातली टेप काढून तिने रुंदी मोजली: वीस इंच. त्यांचे सदरे तीच शिवायची. खांदा साडेसतरा, हे तिला पाठ होतं.

दुसरा घोट घेतला. बनियन जवळ आला. चौकट अठरा. आणखी एक घोट, की सोळा.

"आता आवाज बरोबर येतोय," ते म्हणाले. "दहाएक पावलं असतील. इकडे खोलीला फाटे फुटलेत गं. डावीकडे वळू की उजवीकडे?"

ठणका पुन्हा चढायला लागला. बनियन अंधुक झाला.

"कुमुद? बोल ना. कुठे वळू?"

कुमुदिनीच्या तोंडात तिसरा घोट होता.