खालच्या हॉलची हवा

निकाल आला तेव्हा हिरव्या मॅडम जिन्याच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होत्या. एका हातात बूट, दुसऱ्या हातात फोन. चार खोल्यांची हवा तपासायला दिली होती. तीन पास, खालचा हॉल नापास. नापास म्हणजे काठावरसुद्धा नाही; हवेतल्या रासायनिक वाफांचा जो आकडा पाचशेच्या आत यायला हवा होता, तो एकोणीसशे आला होता. मॅडमनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. आकड्याने काही दाद दिली नाही.

त्यांचं हे नाव साइटवरच पडलं होतं. इमारतीला 'हरित' असल्याचं प्रमाणपत्र मिळवून देणं हे त्यांचं काम. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात दोन वर्षं लोकांच्या मागे लागायचं. विटांचे तुकडे एका ढिगात टाका, लाकूड दुसऱ्या. नळ असलाच बसवा. गोंद तसला नको. ही काच कुठून आली त्याचा कागद द्या. कागद नाही म्हणता? मग काच असून नसल्यासारखीच. माणसं त्यांना लांबून येताना बघून दुसऱ्या मजल्यावर काम काढत, आणि मॅडमना ते कळत असे.

त्यात ही इमारत म्हणजे जुनं शीतगोदाम. हातभर जाडीच्या भिंती, खिडक्या नावालाच, छत इतकं खाली की हवेचे पाइप न्यायला जागा नाही. तिथे आता दम्याच्या मुलांचा दवाखाना होणार होता. कोणी शहाण्या माणसाने असलं काम अंगावर घेतलं नसतं. मॅडमनी घेतलं, आणि त्यानंतर रोज स्वतःला शिव्या घातल्या. दवाखाना काढणाऱ्या मंडळींना 'सुवर्ण' दर्जाच हवा होता. त्याला साठ गुण लागतात. मॅडमचा हिशेब एकसष्टवर येऊन टेकला होता, आणि तो एक जादाचा गुण त्या पोटच्या पोरासारखा जपत होत्या.

साइट मॅनेजरने कारण शोधायला दहा मिनिटंही घेतली नाहीत.

"रंगारी," तो म्हणाला. "दुसरं कोण? हॉलमागच्या कोठीत ऑइलपेंटचा डबा सापडलाय. अर्धा रिकामा. तुमच्या यादीत नसलेला."

रंगाऱ्यांच्या टोळीचे मुख्य म्हणजे दादा. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. मॅडमनी आणलेला बिनवासाचा रंग त्यांना पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. "वासच येत नाही तर भिंतीला लागला की नाही हे नाकाला कळणार कसं?" असं ते म्हणाले होते. पण नंतर निमूटपणे त्याच रंगाने चारही मजले रंगवले होते, आणि ते काम असं होतं की कोपऱ्यात बॅटरी मारून बघितलं तरी नाव ठेवायला जागा नव्हती.

दादांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"तो डबा माझ्या शिड्यांचा आहे, मॅडम," ते म्हणाले. "शिड्या लाकडी आहेत, त्यांना वर्षातून एकदा रंग देतो. तोही बाहेर, अंगणात. हॉलमध्ये त्यातला थेंब नाही गेला."

"मग एकोणीसशे काय आकाशातून पडले?" मॅनेजर म्हणाला.

दादांनी मॅडमकडे बघितलं. आणि मॅडम काय करत होत्या, तर त्या मनातल्या मनात दिवस मोजत होत्या. उद्घाटनाला बारा दिवस. आठ दिवस सगळे पंखे लावून बाहेरची हवा आत खेळवायची, मग पुन्हा तपासणी. ती एकदाच मिळते. आणि फेरतपासणीच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. कारणाची जागा कोरी ठेवली तर अर्ज परत येतो. हवेचं यंत्र किती ते सांगतं, कशाचं ते सांगत नाही. कशाचं हे माणसाने शोधायचं असतं, आणि शोधायला अंगात त्राण लागतं. मॅडमच्या अंगात ते उरलं नव्हतं. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, गुडघा ठणकत होता, आणि कारण तर समोर आयतं उभं होतं.

त्यांनी लिहिलं: 'संभाव्य कारण – मान्यता नसलेल्या रंगाचा वापर.' खाली सही केली.

दुपारी दादा आणि त्यांची चार माणसं शिड्या उचलून गेली. मॅनेजरने कंत्राटदाराच्या यादीतून त्यांचं नाव काढायला सांगितलं. त्या कंत्राटदाराची निम्म्या शहरात कामं चालत, म्हणजे नाव गेलं की काम गेलंच. मॅडमनी हे ऐकलं. ऐकून त्या पंख्यांची यादी करायला वर गेल्या.

घरी नवऱ्याने दार उघडल्या उघडल्या त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "इमारतीला प्रमाणपत्र मिळेल गं," तो म्हणाला. "तुला एकदा धड झोप मिळाल्याचं प्रमाणपत्र कोण देणार?" एरवी त्या या विनोदावर निदान डोळे तरी वटारत. त्या दिवशी नुसत्या खुर्चीत बसल्या.

"कारण सापडलं ना पण?" त्याने विचारलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "सापडलंच म्हणायचं."

आठ दिवस पंखे घोंघावले. दारं बांधून ठेवली होती, कागद उडत होते, कोणी कोणाशी बोलायचं तर ओरडून. मॅडम रोज हॉलमध्ये उभं राहून वास घ्यायच्या आणि त्यांना काहीच वास यायचा नाही. पहिल्या तपासणीच्या दिवशी काय झालं होतं, हे त्यांनी स्वतःशी आठवून पाहिलं. यंत्रवाली माणसं सकाळी सातलाच आली होती; यंत्र लावून, दारं-खिडक्या बंद करून बसली होती. मॅडम पोचल्या नऊला. त्यांनी आतली हवा नाकाने घेतलीच नव्हती.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या सफाईच्या मावशींना शोधत खाली आल्या. मावशी पायरीवर बसून फडकी पिळत होत्या. पंखे नुकतेच बंद केले होते, त्यामुळे दोघी उगाचच मोठ्याने बोलल्या.

"मावशी, उद्या ती यंत्रवाली माणसं परत येणार हं."

"ठाऊक आहे मला! काही काळजी करू नका," मावशी म्हणाल्या. "मागच्या वेळेसारखाच हॉल चकाचक करून ठेवते. तुम्हीच म्हणाला होतात ना, पाहुणे आत आले की डोळ्यांत भरलं पाहिजे."

"मागच्या वेळी काय केलंत?"

"काय म्हणजे? आदल्या संध्याकाळी घरून फिनेल आणलं. दोन बाटल्या. तुमचा तो बिनवासाचा साबण, मॅडम, राग मानू नका, त्याने पुसलं तरी पुसल्यासारखं वाटतच नाही. माणूस आत आला की कळलं पाहिजे साफसफाई झालीय. वरच्या खोल्यांत काही नाही टाकलं, तिथे कोण बघतंय? हॉलमध्ये मात्र सढळ हाताने ओतलं. उद्यासाठी तीन आणल्यात."

आणि त्यांनी कौतुकाने पिशवी उघडून दाखवली.

मॅडम त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"मावशी, हे वापरायचं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

"कोण सांगणार?" मावशी म्हणाल्या. "सही तेवढी घेतलीत तुम्ही."

खरंच होतं. सफाईला कोणत्या वस्तू चालतात, कोणत्या नाहीत, याचं प्रशिक्षण द्यायचं होतं. त्याचे दोन गुण. त्या दिवशी तळघरात पाणी शिरल्याची हाक आली होती, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "सह्या आधी करून ठेवा, मग निवांत सांगते." असं साइटवर सगळेच करतात. पाण्याच्या टाकीची तपासणी, आग विझवायचं शिक्षण, सगळ्यांच्या सह्या आधी आणि काम मग. तो निवांतपणा पुढे कधी आला नाही. मावशींची सही मात्र फाइलमध्ये होती, तिच्याखाली 'प्रशिक्षण पूर्ण' असं मॅडमच्या अक्षरात, आणि दोन गुण खिशात.

"माझं काही चुकलं का?" मावशींचा चेहरा उतरला. "काढून टाकतील का हो मला?"

"नाही. चुकलं ते माझं," मॅडम म्हणाल्या. "त्या बाटल्या घरी घेऊन जा. उद्या नुसत्या पाण्याने पुसा."

त्या मॅनेजरकडे गेल्या आणि जसं घडलं तसं सांगितलं. त्याने खुर्ची मागे सरकवली.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "अहो, उद्या पास होणार ना आपण? नापास झालो, कारण शोधलं, उपाय केला, पास झालो. फाइल किती गोंडस दिसतेय! आता त्यात फिनेल कशाला ओतताय?"

"रंगारी गेला त्यात."

"जाऊ दे की. साठी झालीय, आज ना उद्या थांबणारच होता. आणि प्रशिक्षणाचे दोन गुण गेले की एकोणसाठ. सुवर्ण गेलं. दोन वर्षं तुम्ही इथे धूळ खाल्लीत, मॅडम. एका डब्यासाठी?"

मॅडमना त्याचा राग यायला हवा होता. पण राग यायलाही ताकद लागते, आणि खरं सांगायचं तर तो जे बोलत होता ते त्या स्वतःशी जिना चढताना बोलून आल्या होत्या. शब्दसुद्धा तेच होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र त्यांना त्याची शिसारी आली.

तिथेच बसून त्यांनी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं. आधी दिलेलं कारण चुकीचं होतं. रंग यादीतलाच होता. सफाईचं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं, सह्या आधी घेतल्या होत्या, आणि ती जबाबदारी फक्त माझी. ते दोन गुण मागे घेत आहे. मावशींचा उल्लेख त्यांनी केला नाही. पत्र पाठवलं, आणि मॅनेजरला म्हणाल्या, "यादीत नाव परत घाला. नाहीतर हेच पत्र कंत्राटदारालाही पाठवते." त्याने हात जोडले, पण नाव घातलं. दुसऱ्या दिवशी हॉलचा आकडा एकशे ऐंशी आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्या दादांच्या घरी गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार दादांच्या बायकोने उघडलं. नाव सांगितल्यावर ती क्षणभर दारातून हललीच नाही.

"या," ती अखेर म्हणाली. "बघा तुम्हीच त्यांना काहीतरी सांगून. रोज सकाळी उठतात, रंगाचे सगळे डबे मांडतात, आणि एकेक उघडून हुंगत बसतात. मला म्हणतात, तूही वास घे, माझं नाक गेलंय बहुतेक."

दादा आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. पुढ्यात सात-आठ डबे, झाकणं काढलेली. मॅडमना बघून ते उठले, खुर्ची पुसून दिली.

मॅडमनी पत्र काढलं आणि सगळं वाचून दाखवलं. दादांनी मान खाली घालून ऐकलं.

"परत एकदा वाचा," ते म्हणाले. "रंगाचं तेवढं."

त्यांनी वाचलं. रंग यादीतलाच होता.

"म्हणजे मी नव्हतो," दादा म्हणाले. मग बायकोकडे वळून, "ऐकलंस? मी नव्हतो." आणि ते परत मॅडमकडे वळले. "मॅडम, मला वाटायला लागलं होतं की असेन मीच. एवढी शिकलेली बाई सही करून सांगतेय, म्हणजे काहीतरी असणार. वय झालंय, चुकून ब्रश त्या डब्यात बुडवला असेल, आठवत नसेल. दम लागणारी पोरं येणार तिथे. रात्रंदिवस तेच डोक्यात. माझ्या भिंतीपाशी बसून एखादं पोर खोकत राहिलं तर?"

मॅडमनी पत्राची घडी घातली.

"यादीत नाव परत आलंय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून काम आहे. मला माफ करा, दादा."

दादांनी मान हलवली. एकेका डब्याचं झाकण लावायला घेतलं, हाताच्या तळव्याने दाबून, कडेने फिरवून. तीन डबे लावून झाल्यावर ते थांबले.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. दारात उभा राहून. मग सही का केलीत?"

खोटं बोलायची ही जागा नव्हती. "दमले होते," मॅडम म्हणाल्या.

दादांना राग आला नाही. ते नुसते त्यांच्याकडे बघत राहिले, खरोखरच न समजल्यासारखे.

"दमतो मीही, मॅडम," ते म्हणाले. "पण म्हणून शेवटची भिंत कधी तशीच सोडून गेलो नाही."

दादांच्या बायकोने पाण्याचा पेला आणून पुढे धरला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मान वर न करता पाणी प्यायल्या.