बाकावरची डावी जागा

चष्म्याच्या काडीतला स्क्रू इतका बारीक होता, की चिमट्यात धरला तरी धरलाय असं वाटत नव्हतं. आणि तिची बोटं त्याच्यावर नको तेवढा जोर देत होती. जुनी खोड. दुकानाच्या काउंटरपलीकडे काकू चष्म्याविना घर उघडं टाकून आल्यासारख्या बसल्या होत्या.

"बसतोय का हो?"

"बसेल. नुसतं बसूनच तर राहायचंय त्याला," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. आज संध्याकाळी सहापर्यंत तिलाही तेवढंच काम होतं.

झालं होतं असं, की ती खेळायची त्या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या वरिष्ठांना यंदा उपरती झाली. आजवर मोठ्या स्पर्धेसाठी पात्र व्हायचं तर गावोगावच्या हॉलमध्ये जाऊन, समोरासमोर बसून मारामारी करावी लागे—पडद्यावरची. आता घरी सोफ्यावर बसून, इंटरनेटवर अनोळखी माणसांना हरवूनही क्रमवारीत चढता येत होतं. आज सहा वाजता क्रमवारी गोठणार, आणि वरच्या सोळा जणांना पात्रतेचे गुण मिळणार. ती सोळावी होती. तेवढ्या गुणांवर अंतिम स्पर्धेचं दार उघडत होतं. या वयात पुन्हा उघडेल असं तिला वाटलं नव्हतं, अन् कुणालाच वाटलं नव्हतं. पण खेळलं तर हरण्याची शक्यता, आणि हरलं की घसरण. तेव्हा सोळाच्या सोळा शहाणी माणसं हात बांधून बसली होती. खेळाडूंना खेळायला लावण्यासाठी काढलेल्या नियमाने देशोदेशीचे उत्तम खेळाडू न खेळण्यात तरबेज केले होते.

सकाळी नवऱ्याने तिची खेळायची पेटी—लाल गोट्याच्या दांडीची, बटणं झिजलेली—कपाटावर नेऊन ठेवली होती.

"अगं, आज काहीही करायचं नाहीस तू. इतकं सोपं काम आयुष्यात कुणी दिलं होतं का तुला?"

"तू दिलं नव्हतंस, एवढं नक्की."

तो हसला. भला माणूस. तिच्या खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तिचा सोळावा नंबर त्याने ऑफिसभर सांगितला होता.

आणि मघाशी, दुपारी डबा उघडला, तोच फोन वाजला होता. बोका. तिचा जुना जोडीदार, आणि आता क्रमवारीत सतरावा.

"भिंत, जिवंत आहेस का?"

भिंत... हे नाव आता जगात दोन-तीन माणसांनाच ठाऊक. ती कधी धावून जात नसे. समोरच्याचा वार अडवत, अडवत, त्याला कंटाळा येईपर्यंत अडवत राही, म्हणून.

"जेवतेय. बोल."

"सकाळपासून बसलोय. समोर कुणी येतच नाही गं. पोरासोरांना हरवून नंबर हलत नाही, आणि वरचे सगळे अंडी उबवतायत."

"मीही."

"माहितेय. तुला कुठे काय म्हणतोय मी?" मागे त्याच्या टायरच्या दुकानातलं हवेचं मशीन फुसफुसत होतं. "मी चारपासून पुन्हा बसणारय. आलीस तर जोडी आपलीच लागेल, आसपास दुसरं कुणी नाही. नाही आलीस तर... जेव. गार होईल."

सरक, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिने चिडून फोन ठेवला असता आणि सुटली असती.

ते दोघं जिथे खेळायला शिकले, ते तळघर. सायकलच्या दुकानाखालचं, तापलेल्या धुळीचा आणि रबराचा वास असलेलं. प्रत्येक गेमच्या मशीनसमोर एकच बाक, दोघांत. नवा आला की बाकाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, सरक. हरलेला उठायचा, जिंकलेला सरकायचा. नाही म्हणायची पद्धत नव्हती. एकाने म्हटलं होतं एकदा. तो पुढे फार मोठ्या पदावर गेला, पण तळघरात त्याचा विषय निघाला की लोक मशीनकडे बघू लागत. ती नेहमी उजवीकडे, बोका डावीकडे, आणि मध्ये दोघांची कोपरं एकमेकांना टेकलेली. बोका मोठा वार करायच्या आधी त्याचं कोपर किंचित आखडायचं. भिंतीचं सगळं रहस्य एवढंच होतं. पडद्याकडे बघायची गरजच काय...

आणि तो दिवस. बोक्याची मोठ्या स्पर्धेसाठी निवड झालेली, उद्या निघायचं, सगळे त्याच्या पाठीवर थापा मारतायत—आणि तिचा हात बाकाच्या पाठीवर. 'हरलास तर तुझी जागा माझी.' तो वेड लागल्यासारखा हसला, आणि सरकला. तेवढंच. ती जिंकली, जागा तिची झाली, आणि स्टेशनवर तिची बॅग उचलायला तोच आला होता.

"ताई, किती झाले?" काकूंचा आवाज. चष्मा घालून त्या तिच्याकडे नीट बघत होत्या.

"राहू द्या हो. एका स्क्रूचं काय."

घरी ती साडेचारला पोचली. नवरा यायचा होता. खुर्चीवर चढून तिने पेटी खाली घेतली. नुसती पुसायला, असं स्वतःशी म्हणाली, आणि पुसलीही. मग टीव्ही लावला—नुसता नंबर बघायला. सोळा. खाली सतरा. त्यांच्यामध्ये एक बारीक रेघ.

पडद्यावर प्रश्न होता: प्रतिस्पर्धी शोधायचा?

दिवसभर तिला वाटत होतं, ही भीती जागा जाण्याची आहे. आता पेटी मांडीवर घेतल्यावर मात्र भीती कुठे दिसेना. होता तो फक्त डावीकडचा गारठा, कोपरापाशी, कित्येक वर्षं तिथेच असलेला. घरबसल्या मिळवलेल्या एकाही विजयात तो गेला नव्हता. उद्या अंतिम स्पर्धेत गेली तरी तिथे शेजारी कुणाचं कोपर असणार, आणि ते आखडलेलं तिला ओळखता येणार होतं का...

आपण सोफ्याच्या अगदी उजव्या टोकाला बसलोय, हे तिच्या लक्षात आलं. तिघं बसतील एवढा सोफा, आणि रोज ती इथेच, डावी बाजू मोकळी सोडून, बसत होती.

बोट बटणावर होतं. दाबलं नव्हतं. पण ती आणखी थोडी उजवीकडे सरकली.