काळ्या कोटात मावेल असं

पंचशीलाला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तिच्या सासऱ्यांना. नानासाहेब ओव्हाळ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नांदेडकडचं गाव सोडून ते मुलाकडे मीरा रोडला, पेणकरपाड्याजवळच्या एका नव्या बिल्डिंगीत राहायला आले होते. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून रोज सकाळी सोसायटीच्या वॉचमनला ताठ कसं उभं राहायचं ते शिकवायचे. परवान्याचं कळल्यावर त्यांनी बुटांना पॉलिश केलं.

“नाना, बंदुकांचं दुकान फोर्टात आहे, सीमेवर नाही,” त्यांचा मुलगा बुद्धभूषण म्हणाला.

बुद्धभूषण बँकेत होता. घरात झुरळ निघालं तर ते मारायचं काम बायकोकडे असायचं. परवान्याचा कागद आल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

पंचशीला ठाण्याच्या कोर्टात वकिली करायची. १९९६ साली तिने मुर्धा गावच्या दत्ताराम पाटलांची केस घेतली. खाडीकडची त्यांची भाताची जमीन एका बिल्डरने पाटील म्हणून भलत्याच माणसाला उभं करून स्वतःच्या नावावर करून घेतली होती. केस सुरू झाली आणि एका सकाळी बाजारात दोघं जण स्कूटरवरून तिला आडवे आले. मागे बसलेला जाड मिशांचा माणूस अगदी हसतमुखाने म्हणाला, “मॅडम, तुमची पायल कुठल्या शाळेत जाते ते माहितीय आम्हाला. पाटलांची केस सोडा ना, कशाला उगीच?”

पायल चौथीत होती. पंचशीलाने केस सोडली नाही, पण त्या दिवसापासून मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला नाना जाऊ लागले. मग एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीवर दगड आला. पोलीस स्टेशनातल्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही खाडीच्या बाजूला एकट्या फिरता. परवान्यासाठी अर्ज करून ठेवा.” तिने केला. कलेक्टर कचेरीतून तो मंजूर होऊन यायला पुष्कळ महिने गेले, आणि आता निवड करायची वेळ आली होती.

दुकान एका पारशी बाईंचं होतं. रोशनबाई साठीच्या, फ्रॉक घातलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी परवाना नीट वाचला आणि विचारलं, “कोणासाठी?”

“हिच्यासाठी,” असं म्हणत नानांनी काउंटरच्या काचेखालचं सगळ्यांत लांब नळीचं रिव्हॉल्व्हर दाखवायला सांगितलंसुद्धा. ते हातात घेऊन, नळी जमिनीकडे धरून त्यांनी आधी ते रिकामं आहे ना हे बघितलं. मग म्हणाले, “हे बघ पोरी. याला म्हणतात हत्यार. माणूस नुसतं बघूनच पळंल.”

“पण सुभेदारसाहेब, हिला तर ते कोणाला दिसू द्यायचं नाहीये,” रोशनबाई म्हणाल्या. “वकील हातात रिव्हॉल्व्हर घेऊन फिरणार काय?”

पंचशीलाने आपला काळा कोट बरोबर आणला होता. तिने तो अंगात घातला आणि ते लांबडं रिव्हॉल्व्हर आतल्या खिशात घातलं. खिशातून अर्धं बाहेर राहिलं आणि एका खांद्याला किलोभर कांदे टांगल्यासारखा कोट डावीकडे ओढला गेला. बुद्धभूषणला हसू आवरेना. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच तो हसला होता.

मग रोशनबाईंनी एक चपटं पिस्तूल दाखवलं. ते खिशात छान बसलं. पण त्याचा वरचा भाग मागे खेचल्याशिवाय गोळी पुढे येत नव्हती, आणि तो खेचताना पंचशीलाचं नख तुटलं.

“आणि अडकलं तर?” नाना म्हणाले. “त्या वक्ताला काय टाळ्या वाजवायच्या?”

“हे मात्र साहेबांचं खरं आहे,” रोशनबाई म्हणाल्या. “नवीन माणसाला रिव्हॉल्व्हर बरं. एक गोळी नाही उडाली तर परत चाप ओढायचा, पुढची आपोआप समोर येते. डोकं चालवावं लागत नाही.”

आता काउंटरवर आखूड नळीची दोन रिव्हॉल्व्हरं राहिली. एक जुनं विलायती, मूठ लहान, अंगावर निळसर झाक. दुसरं आपल्याच सरकारी कारखान्यात तयार झालेलं, नवं कोरं, दिसायला ओबडधोबड. रोशनबाईंनी दोन्हींत खोट्या गोळ्या भरल्या आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धरून चाप ओढून बघायला सांगितलं. विलायतीचा चाप लोण्यासारखा सरकला. नव्याचा इतका कडक होता की पंचशीलाचा हात थरथरला आणि नळी कॅलेंडरवरून घसरून खाली पंख्याच्या बटणांवर गेली.

“विलायती घे,” बुद्धभूषण हळूच म्हणाला. घ्यायचंच आहे तर निदान लवकर आटोपू दे, असा त्याचा चेहरा होता.

पंचशीलाने मात्र साक्षीदार तपासावा तसे प्रश्न सुरू केले. जुन्याची स्प्रिंग किती वर्षांची? काही मोडलं तर सुटा भाग मिळेल का? हे दोन्ही हातांनी धरलं तर? धक्का लागला, खाली पडलं, तर सुटेल का?

“जुनं माझ्या बापाच्या वेळचं आहे. चांगलं आहे, पण सुटे भाग नाही मिळायचे,” रोशनबाई म्हणाल्या. “दोन्ही हातांनी धर बघू. पाय थोडे लांब. हं, आता ओढ.”

या वेळी नळी हलली नाही. पंचशीलाने ते नवं रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. “मला हेच द्या. चाप कडक आहे तेच बरं. नुसतं बोट लागलं म्हणून सुटणारं मला नकोच. घरात मुलगी आहे. आणि मला पण विचार करायला तेवढा वेळ मिळेल.”

रोशनबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “डिकरी, लोक इथे येऊन आधी रंग विचारतात,” त्या लेकीला सांगावं तसं म्हणाल्या.

 परत येताना मीरा रोडला उतरल्यावर नाना म्हणाले, “जत्रंतलं खेळणं वाटतंय.”

खरा वाद घरी झाला. पंचशीलाचं म्हणणं, रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलपात राहील आणि किल्ली तिच्याजवळ.

“मंग चोर आला तर त्याला म्हणायचं का, बसा दोन मिनिटं, किल्ली सापडंना?” नाना म्हणाले.

“चोर येईल न येईल, नाना. पायल रोज घरात असते.”

 दुसऱ्या दिवशी नानांनीच कपाटाला नवं मजबूत कुलूप आणलं. मग त्यांनी सुनेला शिकवायला घेतलं. रविवारी रायफल क्लबच्या रेंजवर ते तिच्या मागे उभे राहायचे आणि ओरडायचे, “श्वास! श्वास कुठं गेला?” पहिल्या रविवारी तिच्या गोळ्या कागदाच्या आसपाससुद्धा गेल्या नाहीत. महिन्याभराने कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा नानांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि शेजारच्या जोशींना दाखवून आले.

राहिला प्रश्न खिशाचा. कोटाचा आतला खिसा पेनं ठेवायचा, रिव्हॉल्व्हरच्या वजनाने तो फाटला असता. पंचशीला कोट घेऊन स्टेशनजवळच्या शिवा टेलरकडे गेली. आतून जाड कापडाचा, वर बटणाची पट्टी असलेला खिसा हवा म्हणाली. मापासाठी नानांनी पुठ्ठा कापून दिला होता. फौजी माणूस, त्यांनी तो अगदी हुबेहूब कापला होता.

शिवाने पुठ्ठा उजेडात धरला आणि रिव्हॉल्व्हरचा आकार ओळखला. “मॅडम, यह तो घोडा है!”

“चष्म्याचं घर आहे,” पंचशीला म्हणाली.

“हां हां, चष्मा,” शिवा म्हणाला आणि खिसा फार सुंदर शिवून दिला.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने तिला न मागता कोथिंबीर दिली. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, आरामसे बैठो.” सोसायटीचे सेक्रेटरी काशीनाथ राणे, पार्किंगवरून वर्षभर तिच्याशी भांडत होते, ते जिन्यात बाजूला होऊन “या, आधी तुम्ही” म्हणाले. नाना संतापले. “एवढं लहान, लपंल असं हत्यार घेतलं आणि अख्ख्या मीरा रोडला ठाऊक!” बुद्धभूषण मात्र त्या रात्री व्यवस्थित जेवला.

पुढच्या आठवड्यात पंचशीला मुर्ध्याला गेली. कोर्टाने जमिनीची पाहणी करायला माणूस पाठवायचं ठरवलं होतं आणि त्याआधी तिला बांध, हद्दी स्वतः बघायच्या होत्या. दत्ताराम पाटील आणि त्यांचे दोन पुतणे बरोबर होते. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, मधून अरुंद बांध. बांधाच्या टोकाला स्कूटर येऊन थांबली. जाड मिशांचा माणूस उतरला आणि एकटाच चालत पुढे आला.

“मॅडम, परत सांगायला आलोय,” तो म्हणाला. पण या वेळी तो हसत नव्हता. त्याची नजर तिच्या कोटावर होती.

 आतल्या खिशाचं वजन पंचशीलाला जाणवत होतं. बटणाची पट्टी, मग मूठ, मग दोन्ही हात, असं सगळं शिकलेलं एकदम आठवलं आणि तेवढ्यात, जवळच वाळत घातलेल्या सुकटीच्या वासाने म्हणा की घाबरल्यामुळे म्हणा, तिला जोरात शिंक येऊ लागली. रुमालासाठी तिने पटकन कोटात हात घातला.

“नको! मॅडम, नको!” असं ओरडून त्या माणसाने बांधावरून उडी मारली आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला.

पंचशीला शिंकली. स्कूटरवरचा सोबती गाडी वळवून केव्हाच पसार झाला होता.

बायका-पोरं धावत आली. दत्तारामांच्या पुतण्यांनी होडीची दोरी टाकली, आणि चौघांनी ओढल्यावर तो माणूस बाहेर आला. चपला चिखलातच राहिल्या. दत्तारामांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, “अरं, तू मोरव्याच्या कमळाबाईचा उत्तम ना? तुजी आईस भायंदरला मासली इकते. तिला ठावं हाय का, तू बायामाणसांना धमक्या देतंस?”

“दत्तूकाका, आईला नका सांगू,” उत्तम म्हणाला. एवढा मोठा मिशांचा माणूस रडवेला झाला.

सगळे हसत होते. पंचशीला हसली नाही. ती त्याच्यासमोर बांधावर बसली.

“तू माझ्या मुलीचं नाव घेतलंस.”

“चुकलं मॅडम. मला तेवढंच बोलायला सांगितलेलं.”

“कोणी? दगड कोणी मारला? मला नाही, पोलिसांना सांगायचं. आत्ता, असाच चल.”

“असाच?”

“न्हाय तर आईसकडं चल,” दत्ताराम म्हणाले.

तो पोलीस स्टेशनातच आला, चिखलासकट. वाटेत त्याने दोनदा विचारलं की मॅडम, घोडा लोड केलेला होता का. पंचशीलाने रुमालाने नाक पुसलं. स्टेशनात त्याने बिल्डरच्या माणसाचं नाव सांगितलं आणि जबाबावर सही केली.

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. पायलने उत्तमच्या उडीची नक्कल सोफ्यावरून चार वेळा करून दाखवली. नाना खोकला येईपर्यंत हसले. पायल झोपायला गेल्यावर मात्र त्यांनी खुर्ची सुनेजवळ ओढली.

“पोरी, रुमालाच्या आधी. हात खरंच हत्याराकडं चालला होता का?”

“हो,” पंचशीला म्हणाली. “आणि थरथरत होता, नाना. इतके रविवार शिकून पण.”

नानांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून बघितला. “माझा पण थरथरायचा,” ते म्हणाले. “कुणाला बोललो नाय कधी. तुझ्या सासूला पण नाय.”

बुद्धभूषणने कपाट उघडून धरलं. पंचशीलाने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, आतल्या कप्प्यात ठेवलं, आणि नानांनी कुलूप ओढून बघितलं.

त्यानंतर धमक्या बंद झाल्या. दिवाळीआधी कोर्टाने त्या जमिनीवरच्या बांधकामाला मनाई केली. केस पुढे आणखी दोन वर्षं चालली आणि पाटलांच्या बाजूने लागली. निकालाच्या दिवशी दत्ताराम नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर आणि मासळीची पिशवी हातात घेऊन तिसरा मजला चढून आले आणि दारातूनच ओरडले, “वकीलबाई, भात टाका! मासली आनलीय!” बुद्धभूषणने मोठं पातेलं गॅसवर चढवलं, आणि नानांनी पाहुण्यांसाठी ठेवणीतली ताटं काढली.