दुवेपुरता वेळ

कानिशायने तळहाताएवढ्या बोर्डातून नखाने मेमरी कार्ड उचकटलं, बाहीला पुसलं, पुन्हा बसवलं. वीज दिली. हिरवा दिवा लुकलुकला. पाणीमापक टेबलाखालच्या बादलीत बुडवलेला होता आणि बादली काठोकाठ भरलेली होती, म्हणजे भोंगा वाजायलाच हवा होता. तो गप्प होता.

"अजून रुसलाय?" मुकाश आगाय दारातून म्हणाले. आगाय, म्हणजे काका, असंच त्यांना सगळे म्हणत. त्यांच्या कोटाला बाहेरचा चिखल लागला होता.

"तुमचाच आहे ना, हट्टी असणारच."

"मग माझ्याकडे दे."

ते खुर्चीत बसले. मापकाची तार काढली, कार्ड बसवलं, वीज दिली, चहाचा घोट घेतला, मग तार जोडली. भोंगा असा कोकलला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"बघ," आगाय म्हणाले. "म्हाताऱ्याला ओळखतो तो."

कानिशायने भोंगा बंद केला आणि डोळे चोळले. हिवाळ्यापासून हेच चाललं होतं. जलालाबाद शहराच्या वर डोंगरातल्या प्रत्येक ओढ्यावर असाच बोर्ड, मापक आणि भोंगा असलेली एक पेटी होती. वसंतात डोंगरावरून चिखलाचा लोंढा सुटला की खालच्या गावात भोंगा वाजवायचं तिचं काम. त्या पेट्यांना चालवणारी कार्डं इतकी वर्षं आगायच हाताने तयार करत आले होते, जुन्या कार्डावरून नवं, शेजारणीकडून विरजण आणावं तसं. आता ते निवृत्त होणार होते. साहेबांनी कानिशायला सांगितलं होतं, अशी कृती लिही की संगणक यंत्रच गावागावाचं कार्ड पहिल्यापासून रांधेल, माणसाचा हात लागायला नको.

तिने कृती लिहिली. एखादी ओळ बदलायची, यंत्र कामाला लावायचं, पुलाव शिजावा तितका वेळ वाट बघायची, आणि शेवटी भोंगा गप्पच. आगायनी काही लपवलं होतं म्हणावं तर तसंही नाही. त्यांनी बसून सगळं सांगितलं होतं, अगदी कुठल्या गावाला भोंग्याचा सूर खालचा लागतो तेसुद्धा.

"आगाय, पुन्हा एकदा लावा बरं."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो. नापास झालात तर निवृत्ती रद्द."

ते हसले. या वेळी तिने पडद्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघितलं. कार्ड. वीज. चहा. मग दोन्ही तळवे उघडले, ओठ हलले: पाणी लांबून जावो, माणसं झोपेतून वेळेवर उठोत. तळवे चेहऱ्यावरून फिरले. मग तार.

भोंगा कोकलला.

"हे तुम्ही दर वेळी करता?"

"काय?"

"दुवा."

"मग? दुवा न देता कुणाला घराबाहेर पाठवतात का? ती काय कामाची पायरी म्हणून सांगायची?"

ते बाहेर सिगारेट ओढायला, गप्पा छाटायला गेले. कानिशायने तार काढून आपलं कार्ड बसवलं, वीज दिली आणि नुसती बसून राहिली. मग तार जोडली. भोंगा वाजला. तिने लगेच बंद केला.

तार आधीपासून जोडलेली असली की बोर्ड पुरता जागा होण्याआधीच मापकाला हाक मारत होता, उत्तर मिळालं नाही की पुन्हा विचारतच नव्हता. दुवा संपेपर्यंत तो जागा होत असे, मग तार लागली की नीट विचारत असे. एवढंच. पण गावात तार कायम जोडलेलीच असते. वीज जाऊन आली की तिथे दुवा द्यायला कोण असतं?

तिला काराबुलून गाव आठवलं. वीज परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे लोंढा आला होता आणि भोंगा वाजला नव्हता. माणसं वाचली, मेंढ्यांचा अख्खा वाडा गेला. आगायनी तार तपासून उंदरांनी कुरतडलीय असं सांगितलं होतं. तेव्हापासून कुठेही वीज गेली की ते स्वतः मिनीबस पकडून जात, पेटी बंद करून, तार काढून नव्याने लावत. सगळे हसत: म्हातारा पेटीची समजूत काढायला निघाला.

तिने कृतीत थांबायची एक ओळ घातली. पायरीचं नाव लिहिलं, दुवा.

पुलाव शिजण्याइतका वेळ गेला. आगाय परत आले तेव्हा भोंगा तिच्या कार्डावर वाजत होता.

"काय झालं होतं?"

"माझीच घाई. तुमची एक पायरी लिहायची राहिली होती. आता बोर्ड हाक मारण्याआधी थांबतो जरासा."

"आणि तार?"

"पहिल्यापासून जोडलेली होती."

आगाय बादलीकडे बघत राहिले. 

"म्हणजे वीज जाऊन आली तरी वाजेल."

"वाजेल."

त्यांनी टेबलावरचा वाळक्या दह्याचा गोळा उचलला, परत ठेवला.

"उंदीर नव्हते तर."

"असतात, आगाय," कानिशाय म्हणाली. "काराबुलूनला फार उंदीर आहेत."

"काराबुलूनचं कार्ड आधी काढ. मीच नेतो."

कार्ड तयार झालं. आगायनी ते तळहातावर घेतलं. कानिशाय दुसरा तळवा उघडायची वाट बघत राहिली. त्यांनी कार्ड आतल्या खिशात घातलं, वरून बटण लावलं आणि मिनीबस गाठायला निघून गेले.

दार उघडंच राहिलं. कानिशायने आपले हात पुढे उघडले. शब्द तिला पाठ नव्हते. दुवा होईल तेवढा वेळ ती नुसती थांबली.