कौशल्याबाईचे हात

“अजून एकदा धू,” सिंधूताई म्हणाली.

कौशल्याबाईने ब्रश पुन्हा साबणावर घासला. ही चौथी खेप. धामणगाव बढ्याच्या दवाखान्याच्या ओसरीत आसपासच्या अकरा सुइणी बसल्या होत्या. बाकीच्यांचे हात एकदाच धुऊन झाले होते.

“बाई, कातडं निघून राह्यलं तिचं,” शेजारी बसलेली शालूबाई हळूच बोलली.

“निघू दे. नखांत काय दडलंय ते तिलाच ठाऊक.”

ते १९६४ साल. गावोगावच्या सुइणींना महिनाभर शिकवायचे आणि कात्री, दोरा, साबण ठेवलेली पत्र्याची पेटी द्यायची, असा सरकारी हुकूम होता. शिकवायला नर्स सिंधूताई. यादीत माहेरच्या गावची कौशल्याबाई दिसली, त्या दिवशी सिंधूताईला घास गेला नाही. नऊ वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण विमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईण हीच. तिसऱ्या दिवशी विमलला ताप भरला, आठव्या दिवशी ती गेली. पुढे नर्सिंगच्या पुस्तकात बाळंतज्वराचे कारण वाचले, तेव्हा सिंधूताईच्या डोळ्यांपुढे कौशल्याबाईची काळी नखे आली. तेव्हापासून ती वाट पाहत होती. नावापुढे ‘नापास’ लिहिले, की पेटी नाही आणि पुन्हा कुणाच्या दारात उभे राहणे नाही. पण त्याआधी सगळ्यांदेखत वदवून घ्यायचे होते.

“आता सांग यांना. माझ्या बहिणीच्या वेळी हात धुतले होतेस?”

“नाही.”

बाई रडेल, पाया पडेल, असे सिंधूताईला वाटले होते.

“का नाही धुतलेस?”

“गोठ्यातून उठून आली होती मी. शेणानं भरले होते हात. पानी मागतलं.” कौशल्याबाईने मान वर केली. “तुमची माय म्हने, तिले नको देऊ, घागर बाटंल. घागर तुमच्याच कमरेवर होती, बाई. हिरवा परकर होता तुमचा. मायनं डोये वटारले, तुम्ही मांगं सरल्या.”

“खोटं बोलून राह्यली तू!” सिंधूताईच्या तोंडी एकदम घरची बोली आली.

“लुगड्याले पुसले मंग. पोरगी आत वरडत होती. काय करू मी?”

सिंधूताईला घागरीचा भार आठवला. मागे सरताना पाणी हिंदकळून पायांवर सांडले होते. गार होते. आई येत्या शनिवारी भेटायला येणार होती. राग आईकडे वळला, पण तिथेही तो थांबेना.

कौशल्याबाईचे फेसाने भरलेले हात अजून तसेच पुढे होते. बोटांच्या पेरांतून रक्त येत होते. सिंधूताईने लोटा उचलला आणि स्वतः त्यांवर पाणी घातले.

महिना संपला, तेव्हा यादीत एकाही नावापुढे ‘नापास’ नव्हते. पेटी घ्यायला नाव पुकारले, तशी कौशल्याबाई पुढे आली, चार हात अंतरावर बसली आणि वरून टाकलेले झेलायला सवयीने पदर पसरला.

“उठा, कौशल्याबाई,” सिंधूताई म्हणाली. “हातात घ्या.”

ती उठली नाही. मग सिंधूताईच पेटी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली.